उपासाचं मीठ

नागपूर
४ जुलै २०२४

प्रिय आजी,

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि आबांना मधे घातलं तर ते माझं निम्मं बोलणं गाळून उरलेलं स्वतःच्या मनानं सांगतात. म्हणून पुन्हा पत्र. तू उत्तर लिहितेस तेव्हा दोन दिवस चूल थंड असते अशी आबांची तक्रार आहे, तरी लिही.

आमच्या कॉलेजात आहारशास्त्राचा अभ्यासक्रम नव्यानं बांधायचं चाललंय. आजारी माणसाला काय खायला द्यायचं, काय नाही, हे शिकणाऱ्या मुलींचा कोर्स. आठ जणांची समिती आहे, त्यात मी सगळ्यात लहान. पुस्तकातलं बाकी सगळं विसरलं तरी चालेल, पण अमुक गोष्टी मुलीच्या डोक्यातून कधी जाता कामा नयेत, अशा मूळ संकल्पना आम्हाला शोधायच्या आहेत. आत्तापर्यंत एक्याऐंशी शब्द जमलेत. त्यातले नऊ ठेवायचे. तीन बैठका झाल्या, आणि भांडून भांडून एक्याऐंशीचे अठ्ठ्याहत्तर झाले.

तू पन्नास वर्षं लोकांना खाऊ घालतेस. तुझ्या मते खाऊ घालायला शिकवताना सगळ्यात आधी काय शिकवावं?

आणि आबांचं कसं चाललंय? फोनवर ते नेहमीचंच सांगतात, सब ठीक.

तुझी तेजू

---

शनवारा, बुऱ्हाणपूर
१२ जुलै

तेजस्विनी,

आशीर्वाद घे.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं मलाच वाचता येईना, दुसऱ्यांदा कळलं की लिहिलंयच तसं. आठ शिकलेली माणसं टेबलाभोवती बसून जेवायला कसं घालायचं ते शोधतात आणि त्याचा पगार मिळतो! हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी तिसरीत शाळा सोडली नसती. संकल्पना नावाची एक बाई बुधवाऱ्यात राहायची. तिला स्वयंपाक येत नव्हता. तुमच्याकडं अठ्ठ्याहत्तर आहेत म्हणतेस, तर बघा बाई.

आधी काय शिकवावं विचारतेस. माझ्या सासूनं शिकवलं ते सांगते. ताट वाढायच्या आधी माणसाच्या तोंडाकडं बघ. तोंड बघितलं की भाकर मऊ ठेवायची का कडक, ते कळतं. पुढचं हात शिकतात. तिनं एक्याऐंशी शब्द सांगितले नाहीत, तिला तेवढे येतच नव्हते, त्यातले अर्धे शिव्यांचे होते.

तुझ्या आबांचं सांगते. मे महिन्याच्या शेवटी पाय भोपळ्यासारखे सुजले म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, किडन्या थकल्या, पण पथ्यानं राहिले तर मशीनवर न्यायची पाळी येणार नाही. मग एका पोरीकडं पाठवलं. पांढरा कोट, तुझ्याच वयाची. बाहेर ही मोठी लाईन. तिनं इंग्रजीतला छापील पर्चा दिला. मी कानाला हात लावला तसं तोंड जवळ आणून ओरडली, "माताजी, नमक बंद! बस इतना याद रखो!" मला तर ऐकू आलंच, बाहेरच्या लाईनीलाही आलं.

मी लक्षात ठेवलं. त्या दिवसापासून आपल्या घरात मीठ शिजलं नाही. नजरेसमोर नको म्हणून मिठाची बरणी उचलून शेजारच्या चारुलताला देऊन टाकली. दीड महिना झाला, म्हाताऱ्याला रोज उपासाचंच चाललंय. लोकांची आषाढी पुढच्या आठवड्यात, आमची केव्हाच लागली. चाळीस वर्षं लूम दुरुस्त केले, मालकापुढं कधी मान खाली घातली नाही, आणि ताटापुढं बसून तोंड असं करतात की जणू मीच यांच्या किडन्या काढून घेतल्या. मी म्हटलं, खायचं तर खा, मीठ मिळणार नाही.

पावसानं न्हाणीची भिंत ओली झाली. बाकी ठीक.

आजी

---

नागपूर
२१ जुलै

प्रिय आजी,

तुझं पत्र मी समितीच्या बैठकीत वाचून दाखवलं. रागावू नको. आमच्या अध्यक्ष गायत्रीबाई कधी हसत नाहीत, त्याही हसल्या. "म्हाताऱ्याला रोज उपासाचंच चाललंय" या वाक्याला तर आठही जण हसत होते. गायत्रीबाई म्हणाल्या, पेशंटच्या घरचं माणूस असं पाहिजे, आम्ही इथून घसा फोडतो आणि लोक घरी जाऊन लोणचं खातात. मिठाची बरणी घराबाहेर काढल्याची गोष्ट मी पडद्यावर दाखवायच्या चित्रांत घातली आहे. 'पथ्य पाळणं' ही आमच्या यादीतली एक संकल्पना, तिच्याखाली उदाहरण म्हणून. नाव नाही घातलं, फक्त 'बुऱ्हाणपूरची एक आजी'.

फोनवर आबांना पुन्हा विचारलं. "हां बेटा, नमक एकदम बंद है, तुझी आजी जेलर आहे," म्हणाले.

आजी, असंच चालू ठेव. एक चिमूटही नको. ते कितीही चिडले तरी ऐकू नको.

१ ऑगस्टपासून दोन आठवडे मी पुण्याला आहे, याच कामाच्या कार्यशाळेसाठी. शब्द बत्तीसवर आलेत. तुझं 'तोंडाकडं बघ' मी सुचवलं होतं. म्हणाले, मोजता येत नाही.

तुझी तेजू

---

शनवारा
३० जुलै

तेजस्विनी,

आशीर्वाद.

मोठ्या लोकांनी माझं पत्र वाचलं हे मी चारुलताला सांगितलं. तिला पहिल्यांदा कळलं नसेल म्हणून आणखी दोनदा सांगितलं. हसले म्हणतेस. हसू दे, मी हसण्यासारखं काही लिहिलं नव्हतं.

तू लिहिलंस असंच चालू ठेव, म्हणून नेटानं चालवतेय. सकाळी भगर न शेंगदाण्याची आमटी. दुपारी उकडलेले बटाटे, नाहीतर रताळं. सांजच्याला राजगिऱ्याची भाकर न दही. चवीला सेंधा, म्हणजे सैंधव, तो उपासाला चालतोच. जैनाबादवरनं श्रीकांत दर आठवड्याला केळीचा घड आणून टाकतो. तुझ्या आबांच्या भावाचा पोरगा, बोलायला मठ्ठ पण जीव लावतो. काकांना ताकद येईल म्हणतो. तर सकाळी दोन केळी, सांजच्याला दोन. मधेच भूक लागली म्हणाले तर केळाचे वेफर. म्हणजे चातुर्मासात पुजाऱ्याचा होत नसेल असा कडक उपास चाललाय. साध्या मिठाचा एक खडाही नाही.

पण सूज उतरेना. आता पाय जड झाले म्हणतात. ओट्यावरनं उठायला हात द्यावा लागतो. काल चहाचा कप खाली पडला. मी ओरडले तर म्हणाले, "मी सोडला नाही, तो गेला." असं कसं जाईल? पंचाहत्तराव्या वर्षी लूमच्या मशीनीत हात घालून बारीक स्प्रिंग बसवून देणारा माणूस.

अशक्तपणा आहे. म्हणून कालपासून केळी सहा केलीत. उपासाचं अजून काय ताकदीचं देता येईल ते लिही. तू त्यातली शिकलेली.

आजी

---

नागपूर
२६ ऑगस्ट

प्रिय आजी,

काल पोहोचले.

बारा तारखेला श्रीकांतकाकांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात होते, तिथूनच तुमच्याकडं निघाले. त्यामुळे तुझं ३० जुलैचं पत्र इथं टेबलावर तसंच पडून होतं. पाच तारखेला आलंय. काल रात्रीच्या जेवणाआधी वाचलं.

आबांचं हृदय मधेच थांबायला लागलं होतं, ते आता सावरलं, हे महत्त्वाचं. मशीनवर आठवड्यातून दोनदा न्यायचं, चुकवायचं नाही. खाण्याचं मी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावलंय. त्यात आहे तेवढंच. तांदूळ, गिलकं, दुधी. बटाटा अजिबात नको. सेंध्याचा डबा आणि शेंगदाणे मी श्रीकांतकाकांबरोबर पाठवून दिलेत. केळी नको असं त्यांना सांगितलं नाही, सध्या पचत नाहीत एवढंच म्हटलं.

वयानं किडन्या थकतातच. तू खूप केलंस.

शब्द सोळावर आलेत.

तेजू

---

शनवारा
४ सप्टेंबर

तेजस्विनी,

पत्र पोचलं. तांदूळ आणि गिलकं चालू आहे.

आता मी विचारते ते सांग. तू बारा दिवस इथं होतीस. पहिल्या दिवशी दवाखान्यातनं आलीस, स्वयंपाकघरात गेलीस. सेंध्याचा डबा उघडलास आणि त्याच्याकडं बघत बसलीस. मग शेंगदाण्याचा डबा. मग टोपलीतली केळी मोजलीस. मी दारात उभी होते. तुझे ओठ हलले. मला ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे, तरी हळू बोललीस. मग तोंड धुवायला गेलीस आणि बराच वेळ तोंड धूत राहिलीस.

मला कान नाहीत, डोळे आहेत.

मी घातलेल्या खाण्यानं झालं का? हो का नाही? बाकी काही लिहू नको. 'तू खूप केलंस' तर अजिबात लिहू नको.

म्हातारा मशीनवरनं आला की दिवसभर भिंतीकडं तोंड करून झोपतो.

आजी

---

नागपूर
१० सप्टेंबर

प्रिय आजी,

अशा आजारात एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. त्यांचा रक्तदाब जुना होता, लूमच्या धुळीत आयुष्य गेलं, दवाखान्यात उशिरा गेलो. खाणं हा त्यातला एक भाग असतो, पण तोच एक असतो असं शास्त्रीयदृष्ट्या म्हणता येत नाही. तू जे केलंस ते तुला सांगितलं होतं तसंच केलंस.

इथं परीक्षा चालू आहेत. सुट्टी मिळाली की येते.

तेजू

---

शनवारा
१८ सप्टेंबर

तेजस्विनी,

एवढं लांब उत्तर लिहिलंस, त्यात हो पण नाही आणि नाही पण नाही. तुझ्या त्या पांढऱ्या कोटवालीनं निदान चार शब्द तरी धड सांगितले होते.

दवाखान्याचा पर्चा गादीखाली होता. मी तो चारुलतापुढं ठेवला आणि म्हटलं, वाच. तिनं मोबाईलमधे एकेक शब्द घालून मराठी केलं. केळी नको. बटाटा, रताळं नको. शेंगदाणे नको. नारळपाणी नको. मीठ पाचव्या नंबरावर होतं, आणि खाली वेगळं लिहिलेलं, सेंधा पण नको, ते पण मीठच आहे. चारुलतानं मोबाईल खाली ठेवला. मी म्हटलं, पुढं वाच. म्हणाली, संपलं काकू.

त्या पोरीनं पाचवं तेवढं कानात ओरडून सांगितलं. उरलेलं कागदावर राहिलं. आणि आपल्याकडं नमक बंद म्हणजे काय? उपास. एकादशीला काय चालतं ते सात वर्षांच्या पोरीला पण येतं, मी ते त्यांच्या ताटात वाढत गेले. कोणी वैऱ्यानं बसून यादी केली असती तरी मी घातलं तेवढं त्याला जमलं नसतं.

म्हणजे मला उत्तर मिळालं. तुझ्याकडनं नाही मिळालं, एवढंच.

आता दुसरं. सात वेळा मशीनवर जाऊन आले. रविवारी म्हणाले, बस. श्रीकांत रडला, पाय धरले. त्याला म्हणाले, "धागा सारखा तुटायला लागला ना, तर कारीगर लूम बंद करून घरी जातो. नाराज नाही होत." डॉक्टर म्हणाला, दोन आठवडे, फार तर तीन.

एकच मागतात. केळं. जैनाबादचं, सालीवर बारीक काळे ठिपके पडलेलं. मागत पण नाहीत, सकाळी चूळ भरली की माझ्याकडं बघून बोटानं विचारतात, आहे का? मी नाही म्हणते. ठीक आहे अशी मान हलवतात. उद्या परत विचारतात.

देऊ का नको? एवढंच सांग. मी आता माझ्या डोक्यानं यांच्या तोंडात दाणाही घालणार नाही. पन्नास वर्षं तोंड बघून वाढलं, हे असं झालं. तू शिकलीस, तू सांगशील तसं करते.

श्रीकांतच्या फोनवर सांगू नको. त्याच्याच घडाची गोष्ट आहे, कळलं तर उभी बाग कापून टाकेल. तुझ्या आबांच्या फोनवर तर नकोच, त्यांना यातलं काही माहीत नाही. पत्रच लिही. केळ्यांची एक हिरवी फणी मी मागच्या खोलीत हुकाला टांगून ठेवलीय. तुझं पत्र येईपर्यंत ठिपके पडतील.

हो लिही नाहीतर नाही लिही.

आजी

---

नागपूर
२६ सप्टेंबर

आजी,

तुझं पत्र बावीसला मिळालं. चार दिवस कागद घेऊन बसतेय.

आधी पहिलं उत्तर. हो. त्या खाण्यानं झालं. केळी, बटाटा, शेंगदाणे यांत जो क्षार असतो तो थकलेल्या किडनीला बाहेर टाकता येत नाही, तो रक्तात साठतो आणि हृदय थांबवतो. पाय जड होणं, कप सुटणं, हे सगळं तेच होतं. हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही येतं.

आणि हे तू केलंस तितकंच मी केलं. बारा जुलैला तू मला सरळ लिहिलं होतंस, रोज उपासाचंच चाललंय. मला वाटलं ते तुझं टोमणे मारणं आहे, बेचव जेवणाला उपास म्हणतेस. तू खरोखर उपासाचं रांधत होतीस. मी बुऱ्हाणपूरची आहे आजी. आई गेल्यावर तुझ्याच घरात वाढले. उपासाला सेंधा आणि बटाटा आणि केळं असतं हे मला नागपूरच्या कुठल्या पुस्तकानं सांगायला नको होतं. टेबलाभोवती आठ जण होतो, आठही जणांना तो क्षार पाठ आहे, आणि आठही जण हसलो. मग मी तुला लिहिलं, असंच चालू ठेव. तू चार केळ्यांची सहा केलीस ती माझं पत्र वाचून.

काल शेवटची बैठक झाली. नऊ संकल्पना ठरल्या. मी दहावी मांडली. आपण बोललेल्या शब्दाचा समोरच्याच्या घरात काय अर्थ होतो, हे विचारल्याशिवाय पेशंटला उठू द्यायचं नाही. तुमचं नाव न घेता सगळं सांगितलं. गायत्रीबाईंनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "तेजस्विनी, हे उदाहरण झालं. संकल्पना नव्हे." मत घेतलं. दहावीच्या बाजूनं माझं एकटीचं पडलं.

आता दुसरं उत्तर. दे. ते मागतील तेवढी दे. मशीन बंद केल्यावर आता केळं न देऊन आपण त्यांचं काहीच वाचवत नाही. हे लिहायला मला चार दिवस लागले, कारण असं वाक्य आम्हाला कोणी शिकवलेलं नाही.

दोन तारखेला रजा मिळतेय, त्याच दिवशी निघते.

तेजू

---

शनवारा
१५ ऑक्टोबर

तेजस्विनी,

आशीर्वाद.

तेराव्याचं सगळं आवरून तू परवा गेलीस. तू असताना मी काही बोलले नाही. बोलले असते तर तू ओरडून उत्तर दिलं असतंस, आणि ते शेजारीपाजारी ऐकू गेलं असतं. म्हणून लिहिते.

तुझं सव्वीस तारखेचं पत्र चार ऑक्टोबरला आलं. तू तेव्हा पुढच्या खोलीत श्रीकांतशी बोलत बसली होतीस. पोस्टमननं माझ्या हातात दिलं. तुझं अक्षर बघितलं आणि पदराखाली घेतलं. तुला वाटत होतं ते मला आधीच मिळालंय. म्हणूनच पहिल्या दिवशी तू माझा हात धरून विचारलंस, "शेवटी शांत होते ना?" मी मान हलवली. तू जो अर्थ काढायचा तो काढलास.

पत्र मी आज वाचलं. त्यात 'दे' लिहिलंय.

मी दिलं नव्हतं.

तुझे आबा तीस सप्टेंबरला सकाळी गेले, हे तुला माहीत आहे. त्या दिवशी पण चूळ भरून विचारलं, आहे का? मी म्हटलं, उद्या बघू. पत्र उद्या येईल असं मला वाटत होतं. पंचवीस तारखेपासून रोज वाटत होतं. पोस्टमन गल्लीत शिरला की दारात जायची. तो लांबूनच हात हलवायचा. त्याला वाटलं असेल, म्हातारीची पेन्शन अडकलीय.

मागच्या खोलीतली फणी अठ्ठावीसला पिकली. अंगठ्यानं दाबून बघितलं, जसं पाहिजे तसं. ठिपके पण पडले. एक काढून बशीत घातलं, साल अर्धी सोलली, परत लावली. आयुष्यात मी काही करायच्या आधी कोणाला विचारलं नाही, सासूला पण नाही. एकदाच विचारलं आणि उत्तराची वाट बघत बसले.

हे खोटं लिहायला पाहिजे होतं, तुला बरं वाटलं असतं. पण मला लिहिणंच जेमतेम येतं, त्यात खोटं कुठनं लिहू? तुला चार दिवस लागले, पोस्टाला आठ लागले. पोस्टाला बोल लावत नाही. तुला पण लावत नाही. मी पहिल्या दिवशीच त्यांच्या तोंडाकडं बघून द्यायला पाहिजे होतं. मला येत होतं ते मी सोडून दिलं.

तुझ्या बाई म्हणाल्या ते खरं आहे, उदाहरणच झालं ते. त्या पडद्यावरच्या चित्रांत तुझी ती बुऱ्हाणपूरची आजी अजून असेल, पथ्य पाळणारी, बरणी बाहेर काढणारी. तिला काढून टाक. नाहीतर राहू दे आणि पुढं काय झालं ते पण लिही. नाव विचारलं तर म्हाताऱ्याचं नाव पण लिही. शालिग्राम. आता लपवायला कोण आहे.

श्रीकांतला काही सांगितलेलं नाही, सांगणार पण नाही. तो अजून घड आणून टाकतो. काकू खा म्हणतो. मी खाते, त्याच्या देखत दोन.

चारुलताकडनं मिठाची बरणी परत आणली. तू गेलीस त्याच दिवशी एकादशी होती. मी केली नाही. वरण-भात लावला, त्यात साधं मीठ घातलं आणि एकटीनं जेवले. खारट झालं होतं. इतक्या महिन्यांत अंदाज गेला.

आजी